फिंच पाळताय? मग मडकं काढायलाही शिका!

जोडी आणली की पिल्लं होतातच. खरी परीक्षा पुढे असते. तीच जोडी तीन वर्षांनीही ठणठणीत दिसायला हवी!

कुत्रा पाळायचा तर सोसायटीची कुरकुर, मांजर पाळायचं तर सोफ्याची वाट आणि फिश टँकचं पाणी बदलण्यात अख्खा रविवार जातो. मग वन-बीएचकेमध्ये राहणारी, सकाळी कंपनीची बस पकडणारी मंडळी हळूच फिंचकडे वळतात. मुठीत मावेल एवढा पक्षी. खर्च कमी, कचरा कमी, आवाज म्हणजे लहान मुलांच्या पिपाणीसारखं गोड पॅ-पॅ. ऑफिसमधून दमून आल्यावर पिंजऱ्यासमोर चहाचा कप घेऊन दहा मिनिटं बसलं की डोक्यातलं टार्गेट-बिर्गेट सगळं गायब!

दुकानदारही खूश असतो. तो जोडी देतो, दीड फुटाचा पिंजरा देतो आणि वर एक छोटं मातीचं मडकं देतो, बाजूला भोक असलेलं. ‘‘हे लावा, महिन्याभरात पिल्लं. वर्षात जोडीच्या दहा जोड्या!’’ मडकं त्याच संध्याकाळी पिंजऱ्यात टांगलं जातं आणि गंमत म्हणजे दुकानदाराचं म्हणणं खरंही ठरतं.

आपल्या नगरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरमध्ये, मी बरीच वर्षं फिंच पाळतेय. सध्या सावेडीतल्या फ्लॅटच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत पाच जोड्या आहेत. त्यामुळे ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येतात. बहुतेक फोनचा सूर एकच असतो : ‘‘काल रात्री मस्त होती हो मादी. आज सकाळी तळाशी मरून पडलेली. काय झालं असेल?’’

मी उलट विचारते, ‘‘मडकं कधीपासून लावलंय?’’

‘‘आणल्यापासून आहे की!’’

दहातल्या आठ वेळा कारण तिथंच सापडतं.

दुष्काळी भागातला पाहुणा

आपल्याकडे सर्रास मिळतो तो झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. नर ओळखायला सोपा : गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळे पट्टे, कुशीला तपकिरी पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके. मादी बिचारी साधी, राखाडी. हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात वाढलाय. तिथं पाऊस कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे त्याचं शरीर सतत तयारीत असतं. पाऊस झाला, गवताला दाणे धरले की लगेच घरटं, अंडी, पिल्लं. दाणा संपला, रान वाळलं की सगळं बंद.

पारनेर-कर्जतकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाऊस पडला की पेरणी, नाही पडला की थांबायचं. आपल्याकडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलाय.

आता या पक्ष्याला आपण पिंजऱ्यात आणतो. वाटीत बारा महिने दाणा, रोज ताजं पाणी, कोपऱ्यात तयार मडकं. त्याच्या शरीराला वाटतं, पाऊस थांबलेलाच नाही! मग तो थांबत नाही. थांबवणारा दुष्काळ आपणच घालवलेला असतो, म्हणून ‘बास’ म्हणायची जबाबदारी पण आपलीच.

थोडा हिशेब करू. झेब्रा फिंचच्या मादीचं वजन साधारण १२ ते १५ ग्रॅम. म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर. तिचं एक अंडं साधारण एक ग्रॅमचं आणि ती रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. साठ किलोच्या बाईच्या मापात बसवून बघा : रोज सकाळी चार-पाच किलोचं ओझं, सलग पाच दिवस! वर्षभर मडकं लटकत राहिलं तर सात-आठ वेळा अंडी होतात. चाळीसेक अंडी, म्हणजे मादीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिप्पट. शिवाय प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर ते हाडांतून ओढलं जातं.

एके दिवशी हे कॅल्शियम कमी पडतं. अंडं मऊ कवचाचं होतं किंवा बाहेर ढकलायला स्नायूंत जोर उरत नाही. अंडं अडकतं. मादी पिसं फुगवून तळाशी बसते, शेपटी वरखाली करत कण्हल्यासारखा जोर लावते. काही तासांत उबदार जागा आणि डॉक्टर मिळाला नाही तर खेळ खल्लास. ‘काल रात्री मस्त होती’ त्याचा अर्थ हा असतो.

मडक्याचं टाइमटेबल

पहिला नियम : सहा महिन्यांच्या आतल्या पक्ष्यांना मडकं नाही. झेब्रा फिंच तीन महिन्यांतच अंडी घालू शकतो. घालू शकतो म्हणून घालू द्यायचं नसतं. मी नऊ महिने थांबते.

दुसरा नियम : वर्षाला दोन, फार तर तीन वेण. आपल्या हवेत मी जुलैअखेर मडकं लावते. तोवर उन्हाची काहिली संपलेली असते आणि बाहेर कोवळ्या दाण्याचं गवत मिळतं. डिसेंबरमध्ये शेवटची पिल्लं बाहेर पडली की मडकं खाली. नगरची थंडी कडक, रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो. अशा थंडीत उघडी पिल्लं टिकवणं अवघड. आणि एप्रिल-मेच्या चाळिशीत तर मडकं म्हणजे भट्टी.

तिसरा नियम : मडकं काढलं की घरट्याचं सामानही काढायचं, अंड्याचा खुराक बंद करून साध्या दाण्यावर आणायचं. तरी काही हौशी जोड्या दाण्याच्या वाटीतच अंडी घालतात. अशा वेळी वाटी बदलून उथळ ताटली ठेवायची आणि नर-मादी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवायचे. दिसतात, बोलतात, पण संसार बंद!

मडक्यात काय घालायचं? सुकलेली हरळी आणि तीन-चार इंच लांबीचा कापलेला काथ्या. सुतळी, दोरा, कापूस, लोकर अजिबात नको. पिल्लांच्या पायात धागा अडकून पाय कायमचा जातो. अंडी झाल्यावर उरलेलं गवत उचलून घ्या. नाहीतर नरभाऊ उत्साहाच्या भरात अंड्यांवरच दुसरा मजला बांधतात.

पुढचं वेळापत्रक सोपं आहे. अंडी १२ ते १४ दिवस उबवली जातात. नर-मादी आळीपाळीनं बसतात, हे बघण्यासारखं असतं. पिल्लं साधारण विसाव्या दिवसाच्या आसपास मडक्याबाहेर येतात आणि पाचव्या आठवड्यात स्वतःचं स्वतः खातात. या सगळ्या काळात मडक्यात दिवसातून दहा वेळा मोबाइलचा टॉर्च मारायची हौस आवरा. एकदा, संध्याकाळी, पटकन. बस्स.

मेनू : आडते बाजार ते अकोले

पॅकबंद ‘फिंच मिक्स’च्या मागे धावायची गरज नाही. या पक्ष्यांचं खाणं म्हणजे बारीक तृणधान्य आणि आपला जिल्हा त्याचं माहेर. बाजरी आडते बाजारात कुठंही मिळते. जोडीला राळा आणि अख्खी, सालासकट वरई मागून घ्या. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात वरई-नाचणी अजून पिकते. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे गाव याच तालुक्यातलं. देशी बियाण्यांच्या जपणुकीसाठी त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. उपवासाची भगर मात्र चालत नाही. ती सडलेली, म्हणजे साल काढलेली असते. फिंचला दाणा सोलून खायची सवय आणि सालाखालचा दाणा जास्त दिवस ताजा राहतो.

दाणा ताजा आहे का, हे तपासायची युक्ती आजीच्या मटकीसारखीच. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधा. दोन-तीन दिवसांत ऐंशी-नव्वद फुटले तर माल जिवंत. निम्मेच फुटले तर पोतं परत करा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. कृषी सेवा केंद्रातली पिशवीतली बाजरी पक्ष्यांना कधीही घालू नका. ते पेरणीचं बियाणं असतं. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं आणि ओळखू यावं म्हणून गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. गावाकडून काका प्रेमानं ‘उरलेली बाजरी’ पाठवतात, तेव्हा आधी हे विचारून घ्या.

मडक्याच्या मोसमात खुराक वाढवायचा. पूर्ण उकडलेलं अंडं किसून रोज चमचाभर. दोन-तीन तासांत उरलेलं काढून टाकायचं, नाहीतर आंबतं. मोड आलेली बाजरी नीट धुऊन. कोथिंबीर, मेथी, राजगिरा भरपूर पाण्यात धुऊन. पालक जपून, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन समुद्रफेस मागा. आयुर्वेदात वापरतात ते हे माकुळीसारख्या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड, पक्ष्यांसाठी फर्स्ट क्लास. पिंजऱ्याला तारेनं अडकवून ठेवलं की मादी गरजेप्रमाणे चोच घासत राहते. अंड्याची कवचं पाण्यात दहा मिनिटं उकळून, वाळवून, कुटून दिली तरी चालतात. शिवाय सकाळचं कोवळं ऊन हवंच. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही.

आणि वीकेंडवाल्या मंडळींसाठी खास : फिंच दाणा सोलून खातो आणि साल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, आत नुसती टरफलं! एवढासा पक्षी एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तरी जिवावर बेततं. म्हणून रोज वाटीवर फुंकर मारायची. बाजरी पाखडणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पिंजरा लांब हवा, उंच नको

फिंच पोपटासारखा चढत नाही, तो आडवा उडतो. म्हणून गोल, घुमटाचा, शो-पीससारखा पिंजरा दिसायला छान आणि राहायला तुरुंग. एका जोडीला निदान अडीच फूट लांबी द्या. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून कमी. बसायला प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुनिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या. पायांना व्यायाम मिळतो, नखं झिजतात. नवीन जाळी आणली असेल तर व्हिनेगरनं घासून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या, कारण त्यावरच्या जस्ताचे कण पोटात गेले तर विषबाधा होते.

पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही. पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो. मॉस्किटो कॉइल, उदबत्ती, सिगारेट यांचा धूर पण तसाच वाईट.

उन्हाळ्यात बाल्कनीला वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट लावा. अंघोळीला उथळ ताटली ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून फाकवून बसलेला पक्षी म्हणजे तापलेला पक्षी. त्याला लगेच सावलीत, हवेशीर जागी न्यायचं.

उन्हाची चाहूल हे पक्षी पिल्लांपर्यंत कशी पोचवतात, ते तर कमालच आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हवा तापली की झेब्रा फिंच आईबाप अंड्यांशी एका वेगळ्या आवाजात बोलतात. तो आवाज अंड्यात ऐकलेली पिल्लं उष्णतेत मुद्दाम कमी वाढतात, छोटी राहतात. म्हणजे जन्माआधीच हवामान खात्याचा इशारा!

आजार लपवणारा पेशंट

रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकार होतो. त्यामुळे फिंच शेवटच्या घडीपर्यंत ‘आय ॲम फाइन’चं नाटक करतो. तो फुगून बसलेला दिसला तेव्हा आजार निम्मा पुढे गेलेला असतो. म्हणून रोज सकाळी दोन मिनिटं बघायचं : दिवसा पिसं फुगवून झोपतोय का, तळाशी बसलाय का, श्वासाबरोबर शेपटी हलते का, विष्ठा पातळ किंवा हिरवी आहे का.

सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. पक्ष्याला छोट्या डबीत ठेवून आठवड्याला वजन लिहायचं. पंधरा ग्रॅमच्या जिवाचे दोन ग्रॅम घटले तर ते माणसाच्या आठ-नऊ किलोंसारखं आहे. डोळ्यांना फरक दिसायच्या आधी काटा सांगतो.

पक्षी आजारी वाटला तर पहिला उपचार ऊब. खोक्याच्या एका बाजूला साधा बल्ब लावून ती बाजू तीस अंशांच्या आसपास ठेवायची, दुसरी बाजू गारच. त्याचं तो ठरवतो कुठं बसायचं. शेजारी दाणा-पाणी. मग डॉक्टर. जिल्ह्यात गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांचे अनुभवी डॉक्टर भरपूर आहेत. फिंचवर हात बसलेला डॉक्टर बहुधा पुण्यातच शोधावा लागतो. नंबर आजच सेव्ह करून ठेवा, अंडं अडकल्यावर शोधू नका. आणि कोंबड्यांच्या अँटिबायोटिकची पूड ‘चिमूटभर’ पाण्यात टाकणं बंद करा. दोन किलोच्या कोंबडीची चिमूट पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याला किती पडते, तुम्हीच हिशेब करा.

नवा पक्षी आणला की तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. आधी जुन्यांचं दाणा-पाणी, मग नव्याचं, मग हात साबणानं स्वच्छ. हा एवढा एक महिना अनेक घरांतली अख्खी बाल्कनी वाचवतो. बाहेरच्या चिमण्या-पारव्यांची विष्ठा पिंजऱ्यात पडणार नाही असं छत पण करा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, तेव्हा अशा साध्या गोष्टींचं महत्त्व सगळ्यांना कळलं होतं.

बापाचं गाणं, नात्याचं गणित

झेब्रा फिंचमध्ये गातो तो फक्त नर आणि तो गाणं बापाकडून शिकतो. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ त्याच्या रियाझाचा. जगभरचे मेंदूशास्त्रज्ञ या पक्ष्यावर काम करतात ते यासाठीच. २०१० मध्ये त्याचा पूर्ण जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. कोंबडीनंतर असा मान मिळालेला हा दुसरा पक्षी. पिल्लं स्वतः खायला लागली की आईबापांना मोकळीक म्हणून वेगळी करावीच लागतात. पण मी नर पिल्लांना आणखी महिना-दोन महिने बापाच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवते. आधी नुसती किरकिर, मग अडखळत दोन सूर आणि एक दिवस हुबेहूब बाप!

दुसरी गोष्ट रक्ताची. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच पिंजऱ्यातून घेतलेली ‘जोडी’ बऱ्याचदा सख्खी भावंडं असतात. त्यांची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं... तिसऱ्या पिढीत अंडी फळत नाहीत, पिल्लं कमकुवत निघतात. उपाय सोपा. नर एकाकडून, मादी दुसऱ्याकडून. पायात रंगीत कडी आणि एक वही. पाळणाऱ्यांनी आपसात पक्ष्यांची अदलाबदल करायची. लग्न जुळवताना गोत्र विचारणाऱ्यांना हे जड जाऊ नये!

बेंगॉली फिंचही छान, शांत, मडक्यात गर्दी करून झोपणारा. नर-मादी दिसायला अगदी सारखे, गातो तो नर एवढीच खूण. याची कथा मजेशीर आहे. पांढऱ्या पाठीच्या मुनियापासून पूर्व आशियात माणसानं पाळून-पाळून घडवलेला हा पक्षी, रानात कुठंच सापडत नाही. जावा घ्यायचा असेल तर मात्र कागदपत्रं बघा. इंडोनेशियातला हा पक्षी त्याच्या मूळ घरीच धोक्यात आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतही आहे. केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार अशा यादीतले पक्षी पाळणाऱ्यांना परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली तर ती पण नोंदवायची.

शेतातली मुनिया शेतातच

झेब्रा, बेंगॉली, जावा हे सगळे ज्या कुळातले, त्याच कुळातली आपली देशी मुनिया. ठिपकेवाली, काळ्या डोक्याची, पांढऱ्या गळ्याची आणि लाखेसारख्या लाल चोचीची ती देखणी लाल मुनिया. भाद्रपदात नगर-कल्याण किंवा नगर-सोलापूर रस्त्यानं जाताना बाजरीच्या शेताकडे बघा. माचाणावर गोफण घेऊन उभा असलेला पोरगा ज्यांना हाकलत असतो, त्यात सुगरणींबरोबर या मुनियाही असतात.

लाल मुनियाचा इंग्रजी बाजारातला जुना इतिहास मोठा आहे. १६७० च्या दशकात सुरतेला आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर यानं अहमदाबादेहून येणाऱ्या या पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलंय, एका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास! अहमदाबादच्या नावाचा अपभ्रंश होत होत तिचं शास्त्रीय नावही ‘अमांडावा’ झालं. (आपलं अहमदनगर यातून सुटलं, म्हणायचं!)

आज ही कोणतीही देशी मुनिया पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासूनच बंद आहे. तरी जत्रेत, आठवडी बाजारात पोपटी-गुलाबी-पिवळे ‘विदेशी फिंच’ दिसतात. नीट बघा. चोच, पाय, पिसं सगळ्यांवर एकच रंग असेल, बोटाला रंग लागत असेल तर ती रंगवलेली रानमुनिया आहे. रंगात आणि गर्दीत यातल्या कितीतरी दुकानापर्यंत पोचायच्या आतच मरतात. दया येऊन विकत घेऊन सोडू नका. तुमचे पैसे म्हणजे पारध्याला पुढची ऑर्डर! वनखात्याला कळवा. तसंच, घरची पिल्लं जास्त झाली म्हणून झेब्रा फिंच ‘मोकळे’ सोडू नका. त्यांना इथलं रान माहीत नाही. दोन दिवसांत कावळे-शिक्रे आटोपतात.

पिल्लं जास्तच होऊ नयेत, यासाठी पुन्हा तोच सोपा उपाय : मडकं खाली. मडकं नसलं की जोडी कंटाळते, असं वाटत असेल तर एक महिना काढून बघा. नर जास्त गातो, मादीच्या अंगावर नवी पिसं येतात, दोघं दांडीवर चिकटून बसतात आणि एकमेकांची मान साफ करतात. पाळायचे तर असे पाळा!

मडकं लावण्याआधी

• दोन्ही पक्षी नऊ महिन्यांचे झालेत? वेगवेगळ्या घरांतले आहेत?

• मादीचं गेल्या चार आठवड्यांचं वजन स्थिर आहे? पिसं गळण्याचा काळ संपलाय?

• समुद्रफेस महिनाभर आधीपासून पिंजऱ्यात आहे? तिनं तो कुरतडलाय?

• पिल्लांसाठी दुसरा, तेवढाच लांब पिंजरा तयार आहे?

• पिल्लं कुणाला द्यायची, ती नावं ठरलीत? ‘बघू नंतर’ हे उत्तर चालणार नाही.

• पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये आहे?

• मडकं काढायची तारीख कॅलेंडरवर लिहिलीत? ती आधी लिहा, मग मडकं टांगा.